हक्काचे सात पदार्थ आणि ताटाची डावी बाजू

साडेपाच वर्षांचे असताना आमचे चिरंजीव एकूण सात पदार्थ खायचे. तूप-मीठ-भात. डाग न पडलेली पोळी. बटाट्याच्या काचऱ्या. तांदळाचं घावन. दूध. एकाच कंपनीचं ग्लुकोज बिस्किट. आणि केळं, सालीवर काळा ठिपका नसेल तर. वरण, भाजी, अंडं, दही, सगळं वर्ज्य. घरात हापूसची पेटी उघडली की स्वारी नाक दाबून गॅलरीत.

अशा घरात रात्री साडेआठला काय होतं ते ज्याच्या घरी होतं त्यालाच माहीत. आम्ही ठाण्यात पाचपाखाडीला राहतो. नवरा मुंबईहून लोकलने लोंबकळत येतो, मी घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून, आणि सासूबाई दिवसभर नातवामागे धावून दमलेल्या. त्यात कोणी ‘भाजीचा एक घास खाल्लास तरच’ असं सुरू केलं की पुढचा पाऊण तास गेला. दोन वर्षं हे रोज चाललं. मग एक गोष्ट उशिरा डोक्यात शिरली. रात्रीचं जेवण ही नवीन पदार्थ शिकवायची वेळच नाही. ती पोट भरायची वेळ. शिकवणी संध्याकाळी पाचला ठेवायची, आणि रात्री जे काही नवं असेल ते ताटाच्या डाव्या बाजूला, चिमूटभर, बिनबोभाट. खाली लिहिलेलं बाकी सगळं यातूनच आलंय.

‘दोन दिवस उपाशी ठेव, झक मारत खाईल’ हा सल्ला तुम्हालाही मिळाला असेलच. दोन ते सहा या वयात बरीच मुलं नव्या पदार्थाला बिचकतात, आणि त्यातली बहुतेक कडकडून भूक लागली की खातातही. पण काही मुलांना वास, चव, जिभेवरचा स्पर्श सगळंच जरा जास्त जाणवतं. ती खरोखर उपाशी राहतात. आमच्याकडे हा प्रयोग झाला. पहिल्याच रात्री बळेबळे भरवलेल्या घासाची उलटी झाली, आणि त्या ताटात काचऱ्या होत्या म्हणून काचऱ्याही बंद झाल्या. काही काळ सातावरून सहावर आलो.

आधी वही

पहिला आठवडा स्वयंपाकात काहीच बदलू नका, फक्त लिहा. तीन याद्या करायच्या: रोज खातो ते, कधीतरी खातो ते, आणि आधी खायचा पण आता सोडलेलं. प्रत्येक पदार्थापुढे रंग, गरम की गार, कोरडं की ओलं, चावताना आवाज होतो का, कुणी केलेलं चालतं, कोणत्या भांड्यातलं चालतं हेही लिहा. तिसरी यादी विसरू नका. सोडलेला पदार्थ परत आणणं हे नवा पदार्थ शिकवण्यापेक्षा बऱ्याचदा सोपं जातं.

आमच्या वहीतून जे निघालं त्याने मीच चकित झाले. सातही पदार्थ पांढरे किंवा फिके, आणि एकातही दोन गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या नाहीत. म्हणजे आम्ही ज्याला भाजीचा राग समजत होतो तो राग मिसळणीचा होता. पोह्यातला कांदा, उपम्यातला मटार, वरणात बुडालेला भात, घासात मध्येच काहीतरी वेगळं लागणं त्याला सहन होत नव्हतं. भाताचंही तसंच. आमच्याकडे वाडा कोलम तांदूळ येतो. नवा तांदूळ शिजवला की जरा चिकट होतो, जुना मोकळा. वाण्याने नवा तांदूळ दिला की भात ताटात तसाच पडून राहायचा आणि आम्ही म्हणायचो, आज साहेबांचा मूड नाही. मूडचा काही संबंध नव्हता. आता जुना तांदूळ बघून दोन महिन्यांचा एकदम भरते आणि पाणी वाटीने मोजून घालते.

संध्याकाळची घडी

अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी मांडलेली कामाची वाटणी मला पटली. काय वाढायचं, केव्हा आणि कुठे वाढायचं हे आईबापांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती खायचं हे मुलाने. ऐकायला सोपं आहे. करताना जीभ चावून बसावं लागतं.

आमचं वेळापत्रक असं आहे. पाच वाजता भरपेट खाणं, त्यातच दूध. साडेसहानंतर फक्त पाणी. साडेसातला त्याचं जेवण, आजीबरोबर, वीस-पंचवीस मिनिटं. त्यानंतर ताट उचलायचं, भाषण न करता. आम्ही दोघं नऊला जेवायला बसतो तेव्हा तो पोह्याचा पापड घेऊन शेजारी बसतो. घरातलं सगळ्यात चांगलं शिक्षण याच अर्ध्या तासात होतं. त्याचं पोट भरलेलं असतं, कोणी त्याच्याकडे बघत नसतं, आणि समोर आमटी, भाजी, भाकरी सगळं मांडलेलं असतं. पहिल्यांदा आमटीचा वास त्याने इथेच आपणहून घेतला. सगळ्यांनी एकत्र जेवावं हे बरोबरच. पण त्यासाठी भुकेल्या, झोपाळलेल्या मुलाला नऊपर्यंत ताटकळत ठेवण्यापेक्षा हे बरं.

मोबाईल दाखवून भरवत असाल तर एका झटक्यात बंद करू नका. आठवड्यातून एक जेवण बिनमोबाईलचं, आणि तेही सगळ्यात लाडक्या पदार्थाचं.

ताटाची डावी बाजू

आपल्याकडे ताट वाढायची रीतच कामाला येते. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं, म्हणजे सगळं चाखण्यापुरतं. उजवीकडे पोटभरीचं. चोखंदळ मुलाच्या ताटात उजवी बाजू पूर्ण हक्काच्या, म्हणजे ते हमखास खातं त्या, पदार्थांची ठेवा, आणि निदान दोन हक्काचे पदार्थ पोट भरेल इतके वाढा. डावीकडे एकच नवी गोष्ट, वाटाण्याएवढी. ती भाताला टेकता कामा नये. टेकली तरी रडू येत असेल तर छोट्या वाटीत ठेवा. वाटीही नको असेल तर ताटाबाहेर, टेबलावर.

तीच गोष्ट दोन आठवडे ठेवायची, रोज नाही, आठवड्यातून तीन-चार वेळा. नवा पदार्थ ओळखीचा व्हायला आठ-दहा-पंधरा वेळा समोर यावा लागतो, आणि अशा मुलांना त्याहून जास्त. शिवाय खाणं ही शेवटची पायरी आहे. त्याआधी समोर असलेलं चालणं, ताटात असलेलं चालणं, चमच्याने ढकलणं, बोट लावणं, हुंगणं, जीभ लावणं, चावून थुंकणं या सगळ्या पायऱ्या आहेत. थुंकायची मुभा हवीच. शेजारी रिकामी वाटी ठेवा. थुंकता येतं हे कळल्यावर मूल तोंडात घालायचं धाडस करतं.

इथे आजी-आजोबांशी खटका उडतो. ‘पानात टाकायचं नाही’ हा संस्कार आमच्या सासूबाईंच्या हाडीमांसी खिळलेला. मी त्यांना म्हटलं, ‘आई, डाव्या बाजूचं टाकलेलं मी खाईन. तुम्ही फक्त खा म्हणू नका, आणि खाल्लं तर शाबासकीही देऊ नका.’ शाबासकीची बंदी त्यांना जास्त जड गेली. पण टाळ्या वाजल्या की पुढच्या वेळी त्या टाळ्यांचंच दडपण येतं. बोलायचंच असेल तर पदार्थाबद्दल बोलावं. ‘हे कुरकुरीत आहे’, ‘हे थोडं आंबट आहे’. ‘छान आहे, खाऊन तर बघ’ नको. छान आहे की नाही हे त्याचं त्याला ठरवू द्या.

हक्काच्या पदार्थावरून पुढे

आता मुख्य काम. जे खातो त्याच्या अगदी शेजारच्या पदार्थावर जायचं, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. रंग बदलला तर आकार तोच. पीठ बदललं तर रंग तोच. बदल पाचच्या खाण्याला सुरू करायचा, तिथे चार-पाच वेळा निभावला की मग रात्री आणायचा. सगळ्या वाटा एकदम सुरू करू नका. महिन्याला एक पुरे.

भात. तूप-मीठ-भातावरून आम्ही वरणावर गेलो नाही, कारण वरण ओलं. गेलो डाळ्याच्या पिठावर. चिवड्यात घालतो ते डाळं मिक्सरमध्ये फिरवून, दोनदा चाळून घ्यायचं. पाव चमचा पीठ भाताच्या एका कोपऱ्यावर भुरभुरायचं, बाकी भात पांढराच. तीन आठवड्यांत पाव चमच्याचा दीड चमचा झाला. तिथून मेतकूट. विकतच्यात हिंग-मेथी जोरदार असते, म्हणून आधी अर्धं मेतकूट, अर्धं डाळ्याचं पीठ. मेतकूट-भात म्हणजे डाळ आणि भात कोरड्या रूपात एका घासात आले. वरण मात्र अजून वेगळ्या वाटीतच असतं, घट्ट, गाळलेलं, बिनफोडणीचं. ते भातावर ओतायचं नाही हा आमच्या घरातला कायदा आहे. ज्या मुलाला ओलं चालतं पण कोरडं नको, त्याची वाट उलटी. मऊभात, मग भात शिजवताना पाण्याऐवजी वरणावरचं पाणी, मग घोटलेली मूगडाळीची खिचडी.

पोळी. डाग नको असेल तर तवा मंद ठेवा आणि पोळी फुलक्यासारखी आचेवर धरू नका. दोन वाट्या कणकेत एक चमचा डाळ्याचं पीठ घालून सुरुवात केली, दर आठवड्याला एक चमचा वाढवला. चार चमच्यांपर्यंत काही हरकत आली नाही. पाचव्याला ‘ही पोळी मऊ नाहीये’ असा निकाल आला. मुकाट्याने चारवर परतले. दुसरी वाट गुंडाळीची. तूप-साखरेची गुंडाळी, मग साखरेऐवजी बारीक गूळ, मग गुळात चिमूट चिमूट शेंगदाण्याचं अगदी बारीक कूट. शेंगदाणा पहिल्यांदाच देत असाल तर थोडासाच, दिवसा द्या आणि अंगावर पुरळ, ओठांना सूज येते का बघा. अख्खे शेंगदाणे आणि फुटाणे पाच वर्षांखालच्या मुलांना नकोतच, घशात अडकतात. शिळी पोळी तव्यावर दाबून कडक केली तर खाकऱ्यासारखी होते. कुरकुरीत आवडणाऱ्यांसाठी तो एक वेगळाच पदार्थ, खर्च शून्य.

काचऱ्या. ही आमची सगळ्यात यशस्वी वाट. बटाट्याच्या काचऱ्या, मग तोच बटाटा लांब कापून, मग कच्च्या केळ्याचे काप. कच्चं केळं सोलून पातळ चकत्या, मीठ, वरून तांदळाचं पीठ आणि रवा, तव्यावर दोन्ही बाजूंनी. रंग आणि आवाज जवळजवळ बटाट्याचाच, तिखट अजिबात नाही. मग रताळं. त्यात साखर असते म्हणून ते पटकन काळपट होतं, आच मंद ठेवा. मासे खाणाऱ्या घरात याच तांदळाचं पीठ-रव्याच्या कोटात काटे काढलेले रावसाचे बोटभर तुकडे घालता येतात. माझ्या नणंदेच्या मुलीने मासा असाच सुरू केला. शाकाहारी असाल तर पनीरच्या पातळ पट्ट्या. आमच्याकडे पनीर अडीच महिने फक्त डाव्या बाजूला होतं.

घावन. एक वाटी तांदळाचं पीठ, सुमारे दोन वाट्या पाणी, मीठ, चमचाभर तेल. पंधरा मिनिटं ठेवायचं, चांगल्या तापलेल्या तव्यावर बाहेरून आत ओतत जायचं, झाकण. पातळ पीठ खाली बसतं म्हणून प्रत्येक वेळी ढवळायचं. यात पांढऱ्या उडदाच्या डाळीचं पीठ चमचाचमचाने वाढवत गेलं तर रंग पांढराच राहतो आणि हळूहळू आंबोळीपर्यंत पोचता येतं. आंबोळीवरून इडली-डोसा, आणि तिथे पोचलात की अर्धं जग उघडतं, कारण साधा डोसा कुठेही मिळतो. अंडं चालत असेल तर घावनाच्या पिठात आधी फक्त पांढरा भाग, एक चमचा.

दुधात नाचणी, केळ्याचं शिकरण वगैरे प्रकार सगळे सुचवतात. आमच्याकडे दोन्ही सपशेल पडले. तुमच्याकडे चॉकलेटी रंग चालत असेल तर नाचणी जरूर बघा. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं.

आमचा एक आठवडा सांगते. सोमवारी तूप-भात, काचऱ्या, पापड, डावीकडे घट्ट वरण. मंगळवारी पोळी-गुळाची गुंडाळी आणि केळं, डावीकडे काही नाही, कारण मंगळवारी मी उशिरा येते आणि कुणाच्या अंगात त्राण नसतं. बुधवारी घावन आणि काचऱ्या, डावीकडे नारळाची पांढरी चटणी, मिरचीशिवाय. गुरुवारी मेतकूट-भात आणि पापड, डावीकडे वरण पुन्हा. शुक्रवारी पोळी, केळ्याचे काप, डावीकडे पनीर. शनिवारी मोठ्यांचं झणझणीत काहीतरी, त्याला साधा तूप-भात. रविवारी रात्री दूध-पोळी कुस्करून. हे कंटाळवाणं आहे? आपल्याला. त्याला नाही.

लपवाछपवी नको

एकदा मी कणकेत बीटचा रस घातला. नाव दिलं गुलाबी पोळी. त्याने ती खाल्ली, अर्ध्यावर विचारलं यात काय आहे, सासूबाई अभिमानाने म्हणाल्या बीट. त्यानंतर तीन आठवडे पोळीच बंद. पांढरी पोळी समोर आली तरी उलटून, उजेडात धरून बघायचा. ज्या मुलाला सातच गोष्टींचा भरवसा आहे, त्यातली एक आपण फोडली. डाळ्याचं पीठ मी त्याला सांगूनच घातलं, ‘यात एक चमचा डाळं आहे’. सांगितल्यावर नाही म्हणाला तर नाही. आठवड्याने पुन्हा विचारलं.

बाजाराचा उपयोग होतो. शनिवारी सकाळी त्याला जांभळी नाक्याच्या मंडईत नेते. एक भाजी त्याने निवडायची, पैसे त्याने द्यायचे, पिशवी त्याने धरायची. खायची सक्ती नाही. मटार सोलणं, भेंडी मोडून बघणं, कोथिंबीर निवडणं हे सगळं डाव्या बाजूच्या आधीच्या पायऱ्यांत मोडतं.

आकड्यांचं थोडं

प्रोटीनची काळजी बहुतेकांना गरजेपेक्षा जास्त असते आणि लोहाची गरजेपेक्षा कमी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १६ ग्रॅम प्रथिनं, ५५० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ११ मिलिग्रॅम लोह लागतं. चारशे मिली दुधातून सुमारे १३ ग्रॅम प्रथिनं आणि बरंचसं कॅल्शियम येतं. दोन पोळ्या खाल्ल्या की प्रथिनांचा आकडा गाठला जातो. पण दुधात लोह जवळजवळ नसतंच. म्हणून ‘जेवत नाही ना, मग दूध तरी पी’ करत लिटरभर दूध पाजणं उलट्या बाजूला नेतं. पोट दुधाने भरतं, जेवण आणखी कमी होतं, आणि लोह आणखी घटतं. चारशे-पाचशे मिलीवर थांबा. चहा-पोळी, चहा-बिस्किट देत असाल तर तेही बंद करा, चहा लोह शोषू देत नाही. लिंबू चालत असेल तर डाळीच्या पदार्थाबरोबर दोन थेंब पिळा. लोहाचं औषध मात्र स्वतःच्या मनाने सुरू करू नका.

भात, केळं, दूध, बिस्किट असा आहार असला की पोट साफ होत नाही, आणि कोठा जड असलेलं मूल जेवत नाही. हे आमच्या लक्षात यायला सहा महिने लागले.

डॉक्टरकडे कधी

वजन वाढत नसेल किंवा उतरत असेल, पदार्थांची यादी महिन्यागणिक आखडत असेल, गिळताना खोकला किंवा ठसका लागत असेल, पदार्थ नुसता बघून उमासे येत असतील, फक्त पातळ पदार्थच घशाखाली उतरत असतील, किंवा खाण्यापायी मूल वाढदिवस, सहल टाळायला लागलं असेल, तर थांबू नका. आधी बालरोगतज्ज्ञ. दात, टॉन्सिल, आम्लपित्त, बद्धकोष्ठ ही कारणं तपासून झाली पाहिजेत. हिमोग्लोबिन आणि लोह, शाकाहारी घरात बी-१२ सुद्धा, बघायला सांगतील. जाताना वही न्या. ‘काहीच खात नाही’ या वाक्याने डॉक्टरांना काही कळत नाही, सात पदार्थांच्या यादीने कळतं.

पुढचा टप्पा म्हणजे खाण्याच्या अडचणींवर काम करणारे ऑक्युपेशनल किंवा स्पीच थेरपिस्ट. पहिल्याच भेटीत विचारा, तुम्ही जबरदस्तीने तोंडात घालता का. उत्तर हो असेल तर उठून या. स्वमग्न मुलांमध्ये अशी निवडक खाण्याची सवय बरीच दिसते, पण असं खाणारं प्रत्येक मूल स्वमग्न नसतं. २०१३ साली डीएसएम-५ या मानसोपचाराच्या वर्गीकरणात ॲरफिड नावाचं स्वतंत्र निदान आलं. वजनाच्या किंवा दिसण्याच्या भीतीने नव्हे, तर स्पर्श-वास, घशात अडकण्याची धास्ती किंवा खाण्यात रसच नसणं यामुळे आहार इतका आटतो की तब्येतीवर परिणाम होतो, तेव्हा ते वापरतात. ते निदान तज्ज्ञांनीच करायचं. खासगी खर्च झेपत नसेल तर २०१३ मध्येच सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि सरकारी शाळांतल्या मुलांची तपासणी होते आणि गरज असल्यास जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

घराबाहेर

लग्न, मुंज, सोसायटीच्या गणपतीचा महाप्रसाद, सगळीकडे त्याचा डबा बरोबर. यजमानीणबाईंना आधीच हळूच सांगते, म्हणजे पंगतीत ‘अगं, काहीच वाढलं नाहीस त्याला?’ होत नाही. गावाला जाताना तांदूळ सुद्धा नेते, हसू द्या लोकांना. शाळेच्या डब्यात कधीही प्रयोग नाही, तिथे त्याला सावरायला आपण नसतो. हॉटेलात गेलो तर मुलाचा साधा डोसा आधी मागवायचा, भाजी-चटणी वेगळ्या वाटीत, आणि आपलं नंतर.

आता तो साडेसहाचा आहे आणि यादी तेरावर आली आहे. मध्ये एकदा बिस्किटाच्या कंपनीने पाकीट बदललं तेव्हा अकरावर घसरली होती. या आठवड्यात डावीकडे मटारचे दोन दाणे असतात. काल ताट उचलताना एकच दाणा होता. खाली वाकून बघितलं, फरशीवर नव्हता. मी काही विचारलं नाही.